बंदुकांच्या मुलखातील बाळंतपण

युद्धाची घोषणा न होताही ज्या मुलखावर कित्येक दशके बंदुकांचा धाक राहिला, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की जेथील भामरागडचा उर्वरित गडचिरोली जिल्ह्याशी संबंधच तुटत असे, तेथील अडलेल्या बाळंतिणीने इस्पितळ गाठावे, ही अपेक्षाच मुळी निर्दयपणाची होती. म्हणून नवजात बाळासाठी इस्पितळातील विद्या घरी नेण्याची तजवीज ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी या जिल्ह्यातील ३९ गावांत केली. गावातलीच, बेताची शिकलेली आरोग्यदूत बाई बाळाला झोळीत घालून ताणकाट्यावर तोलू लागली, काखेत थर्मामीटर लावून ताप पाहू लागली, मिनिटाचे श्वास मोजू लागली. गुदमरलेल्या अर्भकाला मुखवट्याने श्वास देऊ लागली आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच, आईबापांच्या संमतीने, जेंटामायसिन या प्रतिजैविकाची सुईही टोचू लागली. ही सुई तिच्या हाती सोपविण्याचे धैर्य हाच या प्रयोगाचा प्राण होय, असे माझे मत आहे. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. २०११ पासून ‘आशा’ या गावपातळीवरील आरोग्य स्वयंसेविकांच्या घरभेटींची पद्धत देशभर सुरू झाली; मात्र त्यांच्या कामात सुईला स्थान मिळाले नाही. जेथे रस्ता नाही, तेथे तरी ते मिळावयास हवे.