बाळू पालवणकर : वेतन मैदानाच्या देखभालीचे, कीर्ती गोलंदाजीची

भारतातील पहिले थोर फिरकी गोलंदाज म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, त्या बाळू पालवणकर यांना क्रिकेटच्या मैदानावर मिळालेले पहिले वेतन खेळण्याबद्दलचे नव्हते. पुण्यातील पारशी मंडळींच्या क्लबमध्ये खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रोलर फिरवणे या कामासाठी त्यांना दरमहा ३ रुपये मिळत.

बाळू यांचा जन्म आजच्या कर्नाटकातील धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. १८९२ च्या सुमारास ते युरोपीय अधिकाऱ्यांच्या पूना क्लबमध्ये ४ रुपयांवर रुजू झाले. तेथे मैदानाची देखभाल करण्याबरोबरच साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करण्याचे कामही त्यांच्याकडे आले. नामवंत फलंदाज जे. जी. ग्रेग आपल्याला बाद केल्यास त्यांना ८ आणे देत, असे सांगितले जाते. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे मिळाली नाही.

याच सुमारास, १२ नोव्हेंबर १८९२ रोजी, अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात विल्यम हेफेलफिंगर या खेळाडूला अमेरिकन फुटबॉलच्या एका सामन्यासाठी ५०० डॉलर देण्यात आले. त्या खेळातील व्यावसायिकतेचा आरंभ तेथून मानला जातो. भारतात खेळाडूला असे उघड मानधन देण्याची पद्धत तेव्हा नव्हती. बाळू यांनाही पुढे रेल्वेतील नोकरीचाच आधार मिळाला.

युरोपीय संघाला हरवण्यासाठी पुण्यातील हिंदू क्लबने बाळू यांना संघात घेतले. तथापि चहापानाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपीय संघावर १०९ धावांनी विजय मिळवला. त्यात बाळू यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. म्हैसूर संस्थानातील बी. जयराम हेही त्या संघात होते.

एवढी कामगिरी करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळू यांच्याकडे सोपवण्यात आले नाही. १९२० मध्ये त्यांना वगळण्यात आल्यावर त्यांचे बंधू शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली.

बाळू पुढे सार्वजनिक जीवनात उतरले. १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध ते पराभूत झाले. जुलै १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला, तेव्हा त्यांचे खेळण्याचे वय सरून गेले होते.