इसार देण्याआधी

मुरुड हे लातूर-बार्शी रस्त्यावरचे बाजाराचे गाव. अशा गावांभोवती रस्त्याकडेच्या रानात प्लॉट पाडलेले दिसतात. खुंट्या ठोकलेल्या असतात. चुन्याच्या रेघा ओढलेल्या असतात. सोयाबीनचे चार पैसे हाती आले की आपल्यालाही वाटते, एखादी जागा घेऊन ठेवावी. लेकराबाळांच्या कामी येईल.

विचार चांगला आहे. पण शेतातली चूक पुढच्या हंगामात भरून काढता येते. जागेतली चूक जन्माची कमाई बुडवते. म्हणून काय चुकू शकते, याचा हिशेब आधीच करू या.

मध्यस्थ म्हणतो, "दादा, आजच इसार द्या. उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय." येऊ द्या! घाई त्याची आहे, पैसा आपला आहे. आधी सात-बारा मागा. सातमध्ये मालकाचे नाव असते, बारामध्ये पिकाची नोंद असते. 'इतर हक्क' हा रकाना जरूर वाचा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथे सापडतो.

मग 'भोगवटादार वर्ग' पाहा. वर्ग 1 असेल तर बरे. वर्ग 2 असेल तर सरकारी परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. आपला मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळच्या इनामी जमिनी आपल्याकडे आहेत. देवस्थानाची इनाम जमीन तर फार जपून पाहावी.

जमीन वडिलोपार्जित असेल तर सगळे वारस विचारा. हिंदू कुटुंबात 2005 च्या कायद्याने लेकीला लेकाइतकाच हक्क मिळाला आहे. भावाने सही केली आणि बहिणीला विचारलेच नाही, तर पुढे कोर्टाची पायरी चढावी लागते.

एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. शेतजमिनीचे असे लहान तुकडे करून विकण्यावर कायद्याची बंधने आहेत. म्हणून प्लॉटचा नकाशा मंजूर आहे का, हे तलाठ्याला विचारा. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. जागेची मोजणीही करून घ्या. चुन्याची रेघ एका पावसात धुऊन जाते.

कागद नीट दिसले, तरच इसार द्या. इसार थोडा द्या, बँकेमार्फत द्या आणि लिहून घ्या. त्या कागदात एक ओळ हवीच: जागेत खोट निघाली तर इसार अमुक दिवसांत परत मिळेल. ही एक ओळ पुष्कळ भांडणे वाचवते.

पुष्कळांना वाटते, नोटरीचा शिक्का पडला की जागा आपली झाली. तसे नाही. साठेखत म्हणजे नुसता करार. शंभर रुपयांच्या वरची जागा विकत घ्यायची तर खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावेच लागते. नंतर फेरफार होऊन सात-बारावर आपले नाव चढले का, तेही डोळ्यांनी पाहा.

कागद चोख असला तरी जागेला दुसरे धोके असतात. 2016 साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. म्हणून पाणी कुठून येईल, ते विचारा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या जड घरांखाली हजारो माणसे गेली. म्हणून जागेबरोबर पक्क्या बांधकामाचा खर्चही मोजा.

आणखी एक गोष्ट. सगळा पैसा जागेत घालू नका. घरात दुखणे आले तर दवाखान्यात पैसे आजच लागतात, आणि प्लॉट आजच विकला जात नाही. भाव वाढेल म्हणतात, पण तो कधी वाढेल हे कुणी लिहून देत नाही. समजा, तुमच्याजवळ 5 लाख आहेत. त्यातला एक लाख दुखण्या-खुपण्यासाठी बाजूला ठेवा. नोंदणीचा आणि मोजणीचा खर्च वेगळा काढा. उरले त्यात बसेल ती जागा पाहा. पिकते शेत गहाण टाकून पडीक प्लॉट घेऊ नका. शेत पोट भरते. प्लॉट नुसता पडून राहतो, व्याज मात्र रोज चालते.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. आता तुम्हाला वाचता येते. मग दुसऱ्याच्या तोंडाकडे कशाला पाहायचे? सात-बारा हातात घ्या, बोट ठेवून एकेक ओळ वाचा. कळले नाही तर विचारा. सही त्यानंतर.