आवाज जुळवायचा कशानं: बोटानं की बाणानं?

घाटनांदूरच्या पंचक्रोशीत सप्ताह बसला की मंडपाच्या एका खांबाशी टेबल लागतं. टेबलावर मिक्सर, मागे अॅम्प्लिफायर आणि मिक्सरपाशी ऑपरेटर. महाराज निरूपणात आवाज खाली आणतात, तेव्हा ऑपरेटरचं एक बोट त्यांच्या माइकची पट्टी हळूच वर सरकवतं. मग महाराज गजर धरतात, टाळकरी उसळतात, पखवाज दुमदुमू लागतो आणि दुसरं बोट टाळकऱ्यांचा माइक जरा खाली ओढतं. या सगळ्यात त्याची नजर महाराजांवर असते. कोणती पट्टी कुठे आहे, हे बोटांना पाठ असतं.

तेच कीर्तन रेकॉर्ड करून घरी आणलं आणि लॅपटॉपवर उघडलं, की काम तेच राहतं, हत्यार मात्र बदलतं. पट्ट्या आता पडद्यावरच्या चित्रात असतात. त्या सरकवायच्या तर माऊसचा बाण नेमका त्या पट्टीवर न्यायचा, बटण दाबून धरायचं आणि ओढायचं. तेही एका वेळी एकच पट्टी. पेटीचे सूर एका बोटानं काढता येतात. पण पाचही बोटांची सवय असलेल्याला एका बोटावर आणलं, तर त्याची जशी अडचण होईल तशीच इथे होते.

परळी वैजनाथ ते लातूर रोड या रेल्वेमार्गावरचं घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातलं गाव. अशा गावातल्या गायकाला गाणं ध्वनिमुद्रित करायचं, तर एकेकाळी आकाशवाणीचं केंद्र किंवा मोठ्या शहरातला स्टुडिओ गाठावा लागे. आज एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस आणि बरा माइक एवढ्यावर भजन, भीमगीत, लग्नाचं गाणं घरच्या खोलीत तयार होतं. त्यामुळे मिक्सिंग बोटाखालच्या पट्ट्यांवर करावं की माऊस आणि कीबोर्डवर, हा प्रश्न मुंबईच्या स्टुडिओपुरता उरलेला नाही. (इथे कीबोर्ड म्हणजे संगणकाचा, वाजवायचा नव्हे.)

मिक्सिंग म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकमेकांशी जुळवणं. कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे, कुणाला किती घुमारा. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात ही जुळवणी बहुतेक रेकॉर्डिंगच्या वेळीच व्हायची. मोजके माइक असायचे, म्हणून गाणारा माइकजवळ आणि मोठ्या आवाजाची वाद्यं लांब बसवायची. समतोल साधायचा तो अंतरानं.

पुढे वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रण होऊ लागलं आणि समतोल मिक्सिंगच्या टेबलावर आला. व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये परळला उभारलेल्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई हे ध्वनिमिश्रण करत. ‘शोले’चं मिश्रण त्यांच्याच हातचं. त्या काळात संवाद, संगीत आणि इतर आवाज यांची रिळं चित्राबरोबर एकत्र चालत आणि मिश्रक सरत्या चित्राकडे पाहत हातानं पातळ्या बदलत जाई. चूक झाली की रीळ मागे न्यायचं आणि पुन्हा करायचं. कोणत्या क्षणी कोणती पट्टी किती सरकवायची हे ध्यानात ठेवण्याचं काम माणसाचंच होतं.

सरळ रेषेत सरकणारी पट्टीही मुळापासून नव्हती. जुन्या टेबलांवर गोल बटणं असत. न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्सचे अभियंते टॉम डाऊड यांना १९५० च्या दशकात सरकत्या पट्ट्या, म्हणजे फेडर, वापरात आणल्याचं श्रेय दिलं जातं. कारण साधं होतं. गोल बटणं एका वेळी मोजकीच सांभाळता येतात, पट्ट्या मात्र बोटागणिक एक. १९७७ मध्ये लंडनच्या एअर स्टुडिओत नीव्ह कंपनीची नेकॅम यंत्रणा बसली. तिच्यात संगणक हाताच्या हालचाली लक्षात ठेवी आणि गाणं पुन्हा वाजवलं की फेडर आपोआप त्याच जागी सरकत.

नंतर सगळं टेबलच संगणकात शिरलं. १९९१ मध्ये प्रो टूल्स ही संगणकावर मुद्रण आणि मिक्सिंग करण्याची यंत्रणा आली. १९९९ मध्ये रिकी मार्टिनचं ‘लिव्हिन ला विदा लोका’ अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा ते रेकॉर्डिंगपासून मिक्सिंगपर्यंत पूर्णपणे संगणकावर घडलेलं होतं. टेलर स्विफ्टसह अनेक बड्या कलाकारांची गाणी मिक्स करणारे सर्बन गेनिया आज संगणकातच काम करतात. अँड्र्यू शेप्स यांच्याकडे तर नीव्हची जुनी, नावाजलेली टेबलं होती. तीही बाजूला ठेवून ते संगणकावर आले. माऊसवर उत्तम मिक्स होत नाही, हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही.

मग संगणकाला जोडायच्या त्या पट्ट्यांच्या पेटीचा, म्हणजे कंट्रोल सरफेसचा, उपयोग काय? आधी एक गैरसमज दूर करायला हवा. तिच्यातून आवाज जातच नाही. मंडपातल्या साध्या अॅनालॉग मिक्सरमध्ये आवाजाचा विद्युतप्रवाह फेडरमधून जातो, म्हणून फेडरमध्ये धूळ बसली की स्पीकरमध्ये खरखर येते. कंट्रोल सरफेसचा फेडर संगणकाला फक्त आकडा कळवतो: मी इतक्या उंचीवर आहे. आवाजावरची सगळी प्रक्रिया सॉफ्टवेअरच करतं. म्हणून महाग पेटी घेतल्यानं आवाज गोड होत नाही. बदलते ती काम करणाऱ्याची पद्धत.

त्या आकड्यांतही फरक असतो. १९८३ मध्ये ठरलेल्या मिडी पद्धतीत साध्या नियंत्रणाला ० ते १२७ अशा १२८ पायऱ्या मिळतात. कॉर्गच्या नॅनोकंट्रोल-२ सारख्या छोट्या पेटीवर आठ पट्ट्या असतात आणि त्या असेच आकडे पाठवतात. ढोबळ कामाला ते पुरतं, पण गायकाचा आवाज अगदी किंचित वर न्यायचा असेल तर पायरी जाणवू शकते. मॅकी कंट्रोल नावाच्या पद्धतीत फेडरसाठी याहून कितीतरी बारीक पायऱ्यांची सोय आहे. बेहरिंजरचा एक्स-टच, प्रिसोनसचा फेडरपोर्ट अशी यंत्रं ती पद्धत वापरतात. त्यांच्या फेडरमध्ये मोटर असते. पडद्यावरची पट्टी हलली की टेबलावरचीही हलते, त्यामुळे दोन्हींत तफावत राहत नाही. मोटर नसलेल्या पेटीत मात्र एक गाणं बंद करून दुसरं उघडलं की हातातली पट्टी एकीकडे आणि पडद्यावरची दुसरीकडे.

खरा फायदा कळतो तो चालत्या गाण्यात. मोटरच्या फेडरला बहुधा स्पर्शही कळतो. सॉफ्टवेअर ‘टच’वर ठेवून गाणं वाजवायचं. बोट टेकलं की बदल नोंदले जातात आणि बोट उचललं की पट्टी आपल्या जुन्या जागी परत जाते. ‘लॅच’वर ठेवलं तर बोट उचलल्यावरही शेवटची पातळी कायम राहते. ध्रुवपदापाशी आवाज थोडा फुलवायचा, अंतऱ्यात मागे घ्यायचा, शेवटच्या शब्दावर पुन्हा जवळ आणायचा, हे सगळं ऐकता ऐकता एका ओघात होतं. गाणारा आणि टाळ असे दोन फेडर एकाच वेळी उलट दिशांना नेता येतात. डोळे मिटून ऐकताही येतं, आणि हे मोलाचं आहे, कारण पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसत असल्या की माणूस नकळत कानाऐवजी डोळ्यानं निर्णय घेऊ लागतो.

आता दुसरी बाजू. पेटीवर आठ फेडर आणि गाण्यात चाळीस ट्रॅक असले की आठ-आठांचे गट पालटत बसावं लागतं. आत्ता बोटाखाली तबला आहे की कोरस, हे दर वेळी पाहावं लागतं. शिवाय मिक्सिंगचं अर्धं काम पट्ट्या सरकवण्याचं नसतंच. दोन ओळींमधला खोकला कापायचा, ताल किंचित मागे पडला असेल तर ओढून जागेवर आणायचा, एका शब्दातला खटकणारा ‘स’ शोधून नरम करायचा. ही शस्त्रक्रिया माऊसच नेमकी करतो. पातळी बरोबर साडेतीन डेसिबलनं कमी हवी असेल तर आकडा टाइप केला की झालं.

कीबोर्डकडे तर अनेकांचं लक्षच जात नाही. स्पेसबार दाबला की गाणं चालू किंवा बंद होतं. कापणं, जोडणं, मागे जाणं, पुढचा ट्रॅक निवडणं, प्रत्येकाला एक कळ ठरवता येते. रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तर जवळपास प्रत्येक कृतीला आपल्या पसंतीची कळ देता येते. मेनू उघडून शोधण्यातला वेळ वाचतो आणि हात एका जागी स्थिर राहतो.

दृष्टिहीन संगीतकारांसाठी कीबोर्ड याहून मोठी गोष्ट आहे. मायकेल करन आणि जेम्स टे या दोन ऑस्ट्रेलियन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, सुरू केला. त्यातल्याच टे यांनी पुढे रीपरसाठी ओसारा हे जोड-सॉफ्टवेअर लिहिलं. ट्रॅकचं नाव, पातळी, निवडलेला भाग हे सारं ते बोलून दाखवतं. माऊसला हात न लावता अख्खं गाणं मिक्स करता येतं. महाराष्ट्रात अंध गायक-वादकांची संख्या कमी नाही. त्यांना हे दार उघडं आहे, हे संगीत शिकवणाऱ्या प्रत्येकानं सांगायला हवं.

तर मग घाटनांदूरसारख्या गावात नव्यानं मिक्सिंग करू पाहणाऱ्यानं पैसे कशावर घालावेत? आधी कानापर्यंत खरा आवाज पोहोचवणाऱ्या स्पीकर किंवा हेडफोनवर आणि खोलीतला घुमारा आवरण्यावर. जाड पडदे, गाद्या, पुस्तकांनी भरलेली मांडणी यांचीही त्यात मदत होते. मग महिनाभर कीबोर्डच्या वीस-पंचवीस कळा हाताला बसवाव्यात. त्याला एक रुपया लागत नाही. त्यानंतरही ओघात काम करण्याची ओढ वाटली, तर मोटरचा एकच फेडर असलेलं छोटं यंत्र घ्यावं. बहुतेक वेळा माणूस एका वेळी गायकाच्याच आवाजावर काम करत असतो. मोठ्या स्टुडिओतल्या टेबलभर पसरलेल्या यंत्रांची गरज दीडशे-दोनशे ट्रॅकचा चित्रपट मिक्स करणाऱ्याला असते.

मंडपातल्या ऑपरेटरसाठी आणखी एक वाट आहे. २०१२ मध्ये आलेल्या बेहरिंजर एक्स-३२ सारख्या डिजिटल मिक्सरला मोटरचे फेडर असतात. तो यूएसबीनं लॅपटॉपला जोडला की ३२ माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रित होतात आणि घरी आल्यावर तोच मिक्सर सॉफ्टवेअरचा कंट्रोल सरफेस म्हणून चालतो. सप्ताहात ज्या बोटांनी महाराजांचा आवाज सांभाळला, त्याच बोटांना ते कीर्तन पुन्हा नीट मिक्स करता येतं.

यंदा सप्ताहाला मिक्सर भाड्यानं आणणाऱ्या मंडळींनी एवढं जरूर करावं: महाराज, पेटी, पखवाज आणि टाळकरी यांचं मुद्रण वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यावं आणि त्या फाइल दोन ठिकाणी जपून ठेवाव्यात. मिक्सिंग माऊसनं करायचं की फेडरनं, ते नंतर सावकाश ठरवता येईल.