झाकणावरचे निखारे

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की मुंबई-पुण्यातल्या बेकऱ्यांत प्लम केकच्या राशी दिसू लागतात, आणि बऱ्याच घरांसाठी नाताळचा गोडवा तेवढ्यावरच संपतो. गोव्यातल्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडून आलेलं ताट मात्र वेगळं असतं. केक त्यातही असतो, पण कडेला. बाकीच्या ताटात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्याच. हरभऱ्याची डाळ, नारळ आणि साखर एकत्र घोटून वड्या पाडलेलं दोस असतं. पुरण करणाऱ्या कुणालाही त्याची चव लगेच ओळखीची वाटेल. काळसर, तुकतुकीत दोदोल, वळ्या पडलेली कुलकुलं, पेरू आटवून केलेलं पेराद आणि मानाच्या जागी बेबिंका. ओव्हनमध्ये भाजलेलं त्यात फार थोडं. बहुतेक सगळं कढईत तळलेलं, चुलीवर आटवलेलं, नाहीतर निखाऱ्यांवर शिजलेलं.

हे ताट असं का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५३४ मध्ये वसई त्यांच्या ताब्यात आली. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी सोडवली. गोव्यात पोर्तुगीज १९६१ पर्यंत राहिले. त्यांच्याबरोबर पाव आला, ब्राझीलहून काजू आला, अमेरिकेतला पेरू आला, आणि मठांमधल्या जोगिणींचे भरपूर अंडी-साखरेचे गोड पदार्थ आले. पण ते पदार्थ जसेच्या तसे करायला लागणारे बदाम, लोणी आणि गहू या किनाऱ्यावर महाग होते. दारात होता नारळ, कणगीत तांदूळ आणि माडाच्या रसाचा गूळ. मग दुधाच्या जागी नारळाचं दूध आलं, बदामाच्या जागी खोबरं किंवा काजू. आणि ओव्हन? तो गावात पोदेराकडे असायचा, म्हणजे पाववाल्याकडे. घरात चूल होती. बायकांनी त्या चुलीतूनच वाट काढली.

बेबिंका हा त्या वाट काढण्याचा सर्वांत सुंदर नमुना. साहित्य मोजकं: नारळाचं जाड दूध, साखर, अंड्यांचा पिवळा बलक, थोडा मैदा, तूप आणि जायफळ. मध्यम आकाराच्या बेबिंकाला दहा-बारा बलक सहज लागतात. पीठ पातळच असतं. भांड्यात तूप सोडायचं, डावभर पीठ ओतायचं, ते शिजून वरून तांबूस झालं की पुन्हा तूप, पुन्हा डावभर पीठ. किमान सात थर, हौशी घरात सोळासुद्धा.

खरी मेख आचेत आहे. आपण चुलीवर काहीही भाजतो तेव्हा आच खालून लागते. इथे तसं केलं तर सगळ्यांत खालचा, आधीच शिजलेला थर करपेल आणि वरचं ओलं पीठ ओलंच राहील. दर वेळी शिजायचा असतो तो सगळ्यांत वरचा थर. म्हणून आच वरून हवी. मातीच्या भांड्यावर झाकण ठेवायचं आणि झाकणावर नारळाच्या सोडणांचे, करवंट्यांचे निखारे पसरायचे. खाली आच नावालाच. आजच्या ओव्हनमध्ये हे काम वरच्या ग्रिलचं तापलेलं वेटोळं करतं.

वरून आच मिळाली की बलक थिजतो, मैदा फुगून घट्ट होतो आणि वरच्या पापुद्र्यावर साखर आणि अंड्यातली प्रथिनं तांबूस होतात. कापल्यावर फिक्या आणि गडद रेघा दिसतात त्या याच पापुद्र्यांच्या. थरांमधलं तूप त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. म्हणून चांगला बेबिंका एकेक थर सोलून खाता येतो. एवढे थर नीट भाजायला तीन-चार तास जातात आणि त्या वेळात भांड्यापासून हलता येत नाही. कापायचा तो पूर्ण निवल्यावर, नाहीतर थर घसरतात. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या बिबियाना नावाच्या जोगिणीने तो पहिल्यांदा केला, अशी आख्यायिका सांगतात. मला मात्र तो एका माणसाचा शोध वाटत नाही. झाकणावर निखारे ठेवण्याची रीत इथल्या बायकांच्या हातात होतीच. कोकणात तवसाचं धोंडस याच रीतीने भाजतात, सीकेपी घरांतलं भानोलंही. तिकडे फिलिपिन्समध्ये नाताळच्या पहाटेच्या प्रार्थनेनंतर खातात तो बिबिंगका नावाचा तांदळाचा केकही वर-खाली निखारे ठेवूनच करतात.

दोदोलचं शास्त्र वेगळं. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ जाड बुडाच्या तांब्याच्या भांड्यात घालून ढवळत राहायचं. पाणी आटत गेलं की नारळाच्या दुधातलं तेल सुटतं; मिश्रण कडा सोडून गोळा होऊ लागलं की झालं. वाचायला सोपं, करायला खांदे भरून येणारं. म्हणून दोदोल एकटीने करायचा पदार्थ नाहीच. घरातले पुरुष आणि थोरली मुलं पाळीपाळीने उलथनं हातात घेतात.

कुलकुलांचंही तसंच. मैदा, नारळाचं दूध आणि अंड्याचं पीठ मळायचं, छोटी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा खास या कामासाठी ठेवलेल्या नव्या कंगव्यावर दाबायची आणि गुंडाळी करून सोडवायची. रेघांमुळे ती खुसखुशीत तळली जातात आणि साखरेचा पाक धरून ठेवतात. एका घराला किलोंनी कुलकुलं लागतात, त्यामुळे आजीपासून नातवापर्यंत सगळे गोल करून बसतात. गप्पा, गाणी, जुन्या भांडणांची उजळणी, सगळं त्याच बैठकीत. कुटुंबाचा सण खरा सुरू होतो तो इथे.

या कामांचा क्रमही ठरलेला असतो. नाताळआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, तयारीचे. टिकाऊ पदार्थ आधी: पेराद, दोदोल. मग दोस, नेवऱ्या, कुलकुलं. बेबिंका शेवटी. रव्या-खोबऱ्याची बोलिन्यं आणि बाथ मात्र भाजावीच लागतात, आणि घरी सोय नसेल तर ती पोदेराच्या भट्टीत जात. वांद्र्यातही पूर्वी घरोघरचे केकचे डबे नावं लिहून बेकरीत भाजायला दिले जात. पावासाठी तापलेली भट्टी निवत आली की तीच ऊब केकला पुरे होई.

वसई आणि मुंबईतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांचं ताट थोडं निराळं असतं. तिथे दुधाची मिल्क क्रीम असते, थाळीत भाजलेली रवा-नारळाची थाली स्वीट असते आणि साच्यात घातलेलं मार्झिपान. युरोपात मार्झिपान बदामाचं. इथे ते काजूचंही होतं, गुलाबपाणी आणि अंड्यांचा पांढरा भाग घालून. बेबिंकात फक्त बलक लागतो आणि मार्झिपानात फक्त पांढरं, म्हणजे दोन्ही करणाऱ्या घरात काहीच वाया जात नाही.

एवढं सगळं करतात ते घरापुरतं खायला नव्हे. गोव्यात या ताटाला कोंसुआद म्हणतात, मंगळूरकडे कुस्वार. नाताळच्या आदल्या दिवसापासून विणलेल्या रुमालाखाली झाकलेली ताटं घरोघर निघतात, हिंदू शेजाऱ्यांकडेही. दिवाळीत, चतुर्थीत तिकडून फराळ आलेला असतो. परतफेड नव्हे, पण आठवण दोन्हीकडे असते. मला सर्वांत मोलाची वाटते ती एक रीत: ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल तिथे गोड करत नाहीत, पण शेजाऱ्यांची ताटं तिथे आवर्जून जातात. दुःखातल्या घराला सणाबाहेर ठेवायचं नाही, याची ही किती साधी आणि समजूतदार व्यवस्था आहे! ६ जानेवारीला गोव्यातल्या रेइश मागुश, चांदर आणि कुएलीत तीन राजांचं फेस्त होतं, तोवर डब्यात थोडं उरलेलं असतंच.

बेबिंकाची पाककृती लिहून ठेवणारी घरं थोडी. नारळाचं दूध किती जाड, थर कधी तांबूस झाला, हे हाताने आणि डोळ्यांनी शिकायचं असतं. ज्यांना येतं त्या बायका आता वयस्क आहेत आणि पुढची पिढी बहुतेक परगावी, परदेशी. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण मानांकन थर भाजत नाही. तेव्हा या डिसेंबरात गोव्याला जाणार असाल तर विमानतळावरचा डबा उचलण्याआधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, किंवा ओळखीतल्या घरी करून विकणाऱ्या बाईकडे चौकशी करा. आणि डबाच घ्यायचा असेल तर त्यावरची साहित्याची यादी वाचा: नारळाचं दूध आणि अंड्यांचा बलक त्यात पहिल्या ओळीत नसतील, तर तो डबा परत ठेवा.