पुडी माहीत असते, तरी चिठ्ठीवर येत नाही

लहान मुलाला जुलाब लागले तर काय द्यावं, यावर वैद्यकशास्त्रात आता वाद उरलेला नाही. ओआरएस (पाण्यात विरघळवून पाजायची क्षार-साखरेची पुडी) द्यावं, सोबत झिंक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आपल्या राष्ट्रीय यादीतही आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी, म्हणजे ओआरएसच, रुग्णांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. याचं कारण, आतड्याच्या पेशींवरचं एक प्रथिन ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाब चालू असतानाही हे काम थांबत नाही.

तरी आपल्याकडे असंख्य मुलांच्या चिठ्ठीवर ओआरएसऐवजी अँटिबायोटिक येतं. बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं. मग हात तिकडे का वळतो?

आपण लगेच कमिशनकडे बोट दाखवतो, नाहीतर दुकानात माल नसेल म्हणतो. २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हे अंदाज तपासून पाहिले. कर्नाटक आणि बिहारमधल्या अडीचशेवर मध्यम आकाराच्या शहरांत, दोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टर आणि औषध दुकानदारांकडे प्रशिक्षित ‘रुग्ण’ पाठवले गेले. ‘घरी दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होताहेत’, अशी तक्रार घेऊन हे बनावट पालक जात. काही जण फोनवर ओआरएसच्या पुडीचा फोटो दाखवून हेच द्याल का, असं विचारत. काही जण अँटिबायोटिक मागत, तर काही निर्णय डॉक्टरांवर सोपवत. काही जण आधीच सांगत, ‘नुसतं नाव सांगा, औषध मी दुसरीकडून घेणार आहे’. म्हणजे विक्रीतून नफा मिळण्याचा प्रश्नच मिटला. काही शहरांत तर आधी ओआरएसचा भरपूर साठा पोचवून ठेवला होता.

ओआरएसची पसंती नुसती बोलून दाखवली, तर ते मिळण्याचं प्रमाण शंभर भेटींमागे २७ ने वाढलं. साठा पुरवल्याने फरक पडला, पण थोडा. नफ्याचा मोह काढून टाकल्यावर दुकानदारांकडे काहीसा बदल दिसला, एकूणात जवळजवळ काहीच नाही. संशोधकांच्या हिशेबाने ओआरएस न देण्यामागचा ४२ टक्के वाटा ‘रुग्णाला हे नकोच असतं’ या समजुतीचा होता. साठ्याचा वाटा ६ टक्के आणि पैशाचा ५.

यातून पैशाला सरसकट निर्दोष ठरवू नये. महागड्या ब्रँडच्या औषधांचं गणित निराळं असतं आणि कंपनीच्या प्रतिनिधींचा प्रभाव वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत स्पष्ट दिसला आहे. पण स्वस्त पुडीच्या बाबतीत अडसर दवाखान्यात न बोलल्या गेलेल्या पसंतीचा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

रुग्णाला ओआरएस नको असतं, ही डॉक्टरांची समजूत अगदी हवेतली नाही. ओआरएस शरीरातलं पाणी भरून काढतं, जुलाब लगेच थांबवत नाही. दुसऱ्या दिवशीही मूल संडासला जातच राहिलं, तर आई-वडिलांना वाटतं, गुण आला नाही. महाराष्ट्रातही ‘डॉक्टर, एक इंजेक्शन द्या’, ‘सलाईन लावा म्हणजे तरतरी येईल’ हा आग्रह कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात ऐकू येतो. नुसती पुडी दिली तर पेशंट पुढच्या वेळी समोरच्या दवाखान्यात जाईल, ही भीती खासगी डॉक्टरला असतेच.

याच संशोधकांनी घरोघरी पालकांनाही विचारलं. ओआरएस पसंत असणारे पालक डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले. मात्र तपासणीच्या वेळी तसं बोलून दाखवणारे मोजकेच होते. डॉक्टरांना कसं सांगायचं, म्हणून पालक गप्प राहतात. त्या गप्प राहण्याचा अर्थ डॉक्टर ‘यांना जोरदार औषध हवंय’ असा लावतात आणि चिठ्ठी तशीच लिहिली जाते.