वजनकाट्याला न दिसणारा मधुमेह

२०२६ च्या मार्चमध्ये वजन आणि साखर उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं, देशी कंपन्यांची इंजेक्शनं दुकानांत आली आणि आठवड्यातून एकदा पोटाला टोचायचं हे औषध एकाएकी घरोघरी बोलण्याचा विषय झालं. कोणाची पेन, कोणाची कुपी, कोणाचा भाव किती, हे आता लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतं. त्यावर पुन्हा शाई खर्च करत नाही. औषध चांगलं आहे. हृदयविकार असलेल्या लठ्ठ माणसांत झटक्याचं प्रमाण ते कमी करतं आणि मधुमेहींच्या किडनीचा ऱ्हास लांबवतं, हे मोठ्या चाचण्यांत दिसलंय. ते स्वस्त झालं हे उत्तमच झालं. माझा प्रश्न वेगळा आहे: गरज कोणाला, हे आपण कशावरून ठरवतो?

वजनकाट्यावरून, असं सध्या तरी दिसतं. ज्या चाचणीने या औषधाचा गवगवा झाला ती ‘स्टेप-१’ २०२१ साली प्रसिद्ध झाली. ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, हा आकडा तिथलाच. पण त्या चाचणीतल्या लोकांचं सरासरी वजन होतं १०५ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३८ च्या आसपास, आणि त्यांना मधुमेह नव्हता. मधुमेहींवर झालेल्या याच औषधाच्या मोठ्या चाचणीतही बीएमआयची सरासरी तिशीच्या पुढेच. आता आपल्याकडच्या एखाद्या सरकारी दवाखान्यातली मधुमेहाच्या ओपीडीची रांग डोळ्यांसमोर आणा. गालफडं बसलेला शेतकरी, पन्नास किलोंची अंगणवाडीताई, हातापायांनी किडकिडीत पण पोट तेवढं पुढे आलेला रिक्षावाला. ‘मला कसा डायबेटिस? मी तर बारीक आहे,’ हे वाक्य तिथे रोज ऐकू येतं.

या वाक्याचं उत्तर शोधण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते डॉ. चित्तरंजन याज्ञिक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले. इंजेक्शनांच्या बातम्यांत त्यांचं नाव येत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर.

२००४ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये एक पानभर मजकूर आणि एक फोटो छापून आला. फोटोत शेजारी शेजारी उभे दोन डॉक्टर: याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे पुस्तकाप्रमाणे दोघंही ठणठणीत. पण चरबी मोजणाऱ्या डेक्सा यंत्राखाली झोपवल्यावर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन तेच, पण चरबी दुपटीहून जास्त. कारणमीमांसाही खुसखुशीत होती. युडकिन मॅरेथॉन पळायचे आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी धावत गाठणं. पण त्याच मजकुरात गंभीर धागाही होता: याज्ञिक जन्मले तेव्हा त्यांचं वजन कमी होतं. बीएमआय नावाच्या मोजपट्टीची इतकी नेमकी खिल्ली मी तरी दुसरीकडे वाचलेली नाही.

कमी जन्मवजनाचा हा धागा याज्ञिक त्याआधीपासूनच खेड्यांत शोधत होते. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर होण्याआधीपासून बायकांची नोंद सुरू झाली. त्यांचं सरासरी वजन होतं ४२ किलोंच्या आसपास. शेतातलं काम, पाणी, सरपण, सगळं गरोदरपणातही चालूच. बाळ जन्मलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत मोजमाप: वजन, लांबी, डोक्याचा घेर, दंड, पोट, आणि कॅलिपरच्या चिमट्यात धरून खांद्याच्या फऱ्याखालच्या कातडीची जाडी. ही मापं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. तिथलं बाळ साडेतीन किलोंचं, आपलं जेमतेम पावणेतीनचं. पोटाचा घेर लहान, दंड बारीक, म्हणजे आतले अवयव आणि स्नायू दोन्ही तोकडे. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. आईच्या पोटात अन्न कमी पडलं तेव्हा शरीराने स्नायूंवर काट मारली आणि चरबी राखली. ही बाळं दिसायला बारीक आणि आतून लठ्ठ. कुपोषण हटवण्याच्या मोहिमा आणि मधुमेहाच्या मोहिमा आपण दोन वेगळ्या खात्यांत चालवतो. या बाळाला दोन्ही खाती लागू होतात.

ही मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली गेली. निम्मी मुलं तोवर पुस्तकाप्रमाणे कमी वजनाचीच होती. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींमध्ये रक्तातली साखर मर्यादेबाहेर जायला लागली होती. बर्गर खाऊन सोफ्यावर लोळणाऱ्या पोरांची ही गोष्ट नव्हे. अठराव्या वर्षी, गावात, किडकिडीत अंगाची पोरं ही.

सहा गावांवरून अख्खा देश मोजता येत नाही, हे खरंच. पोट सुटलेले, बैठं काम करणारे, रात्री अकराला ऑर्डर मागवणारे मधुमेहीही आपल्याकडे भरपूर आहेत. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोवा पहिल्या क्रमांकावर आला, २६.४ टक्के, तिथे उपासमारीचं कारण पुढे करता येणार नाही. सेमाग्लुटाइड या मंडळींसाठीच आहे आणि त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. माझा मुद्दा ओपीडीच्या रांगेतल्या त्या बारीक मधुमेहींचा आहे.

स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मोठ्यांच्या मधुमेहाचे पाच गट पाडले. त्यातला एक गट इन्सुलिनच फार कमी बनवणाऱ्यांचा, आणि तिथे तो पाचात एक इतकाही नव्हता. पुण्यात पंचेचाळिशीच्या आत मधुमेह झालेल्यांवर हीच पद्धत लावली तेव्हा हा गट निम्म्याहून मोठा निघाला. सेमाग्लुटाइड भूक मारतं आणि जेवणानंतर स्वादुपिंडाला ‘इन्सुलिन सोड’ असा इशारा देतं. पण इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच तोकड्या असतील तर? गोठ्यात बैल नसताना पराणी घेऊन उभं राहण्यासारखं आहे ते. वर स्नायूंचा हिशेब वेगळाच. ‘स्टेप-१’मधल्या ज्यांची डेक्सा तपासणी झाली त्यांच्यात उतरलेल्या वजनाचा जवळपास ४० टक्के भाग चरबीचा नव्हता, स्नायू वगैरेंचा होता. १०५ किलोंच्या माणसाला ते परवडतं. जन्मापासून स्नायूंची उधारी असलेल्या पंचावन्न किलोंच्या माणसाला परवडेल का, याची चाचणी व्हायला हवी, आणि ती आपल्याकडेच व्हायला हवी. इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनातलं दोन-तृतीयांश परत आलं, हेही त्याच चाचणीच्या पुढच्या भागात दिसलं. चरबी परत येते. स्नायू तेवढे परत येतात का, हे लग्नाआधी ‘जरा बारीक व्हायचंय’ म्हणून टोचून घेणाऱ्यांनी विचारलं पाहिजे.

बारीक मधुमेहींना एक नवं नावही मिळालंय. २०२५ च्या एप्रिलमध्ये बँकॉकला झालेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने ‘टाइप ५’ला मान्यता दिली: कुपोषणातून येणारा मधुमेह. नवं म्हणायचं, पण जमैकात १९५५ मध्येच त्याचं वर्णन झालं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला वर्गीकरणात जागा दिली आणि १९९९ मध्ये ‘पुरावा पुरेसा नाही’ म्हणून काढून घेतली. मग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले डॉ. निहाल थॉमस आणि न्यूयॉर्कच्या डॉ. मेरेडिथ हॉकिन्स यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवलं की या रुग्णांचं शरीर इन्सुलिनला दाद देतं, अडचण आहे ती इन्सुलिन कमी बनण्याची. हा वेगळा प्रकार मानायचा की नाही यावर अजून वाद आहे. पण मजुराच्या घरी तो वाद फार महाग पडतो. त्याला टाइप १ समजून भरपूर इन्सुलिन टोचलं आणि संध्याकाळी घरात भाकरीच नसली, तर साखर खाली जाऊन जिवावर बेतू शकतं.

मोजपट्टीचा घोळ रक्ताच्या रिपोर्टातही आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात या गृहीतावर उभी आहे. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर आकडा खोटाच चढू शकतो. सिकलसेलमध्ये पेशी लवकर मरतात, तर तो खोटाच उतरतो. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी होतं, असं २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. नंदुरबार आणि गडचिरोलीत सिकलसेल नवा नाही. तिथे एकट्या एचबीए१सीवर ‘तुम्हाला आहे’ किंवा ‘नाही’ असं सांगणं धाडसाचं आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेण्याची जुनी, कंटाळवाणी पद्धत इथे अजून कामाची आहे.

दंडाला चिकटवायचा सेन्सर हा यावरचा चकचकीत तोडगा. दोन आठवडे दर काही मिनिटांनी आकडा मोबाइलवर. उपवासाची साबुदाण्याची खिचडी आलेख कुठवर नेते, हे ज्यांनी एकदा पाहिलं त्यांना वेगळं व्याख्यान लागत नाही. तो रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि म्हणून काही मिनिटं मागे असतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं. इन्सुलिन घेणाऱ्या मुलांसाठी तो वरदान आहे. धडधाकट माणसांनी हौसेखातर लावणं मला श्रीमंती चाळा वाटतो.

टाइप १ साठी मात्र खरोखर मोठं काही घडतंय. प्रयोगशाळेत मूलपेशींपासून तयार केलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी बारा रुग्णांना पूर्ण मात्रेत दिल्या आणि वर्षभराने त्यांतल्या दहा जणांचं इन्सुलिन सुटलं, हे २०२५ मध्ये जाहीर झालं. अट एकच: शरीराने त्या पेशी मारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत राहायची. ती अट सुटेपर्यंत सांगली-सोलापूरच्या आईबापांनी जाहिरातींच्या मागे लागून जमीन विकू नये.

पुन्हा त्या सहा गावांकडे. तिथल्या दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ते दुधातून मिळतं, पण घरी गोठा असला तरी दूध डेअरीच्या कॅनमध्ये जातं, हे ग्रामीण महाराष्ट्र पाहिलेल्याला सांगायला नको. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झाल्याच्या खुणा दिसल्या. आपण गरोदर बाईला लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या देतो. बी-१२ त्यात नाही. २०१२ मध्ये याज्ञिकांच्या गटाने तिथल्याच वयात येणाऱ्या मुलामुलींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायला सुरुवात केली, त्यांच्या पुढच्या पिढीच्या बाळांसाठी. या कामाला पहिल्या पानावर जागा मिळत नाही, कारण गोळी स्वस्त आहे आणि निकाल यायला पिढी जावी लागते.

तेव्हा इंजेक्शनचा भाव विचारण्याआधी घरात एक शिवणकामाची टेप काढा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बायकांची ८० च्या वर असेल, किंवा आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, तर वजन कितीही असो, पंचविशीनंतर उपाशीपोटीचं आणि ग्लुकोजनंतरचं रक्त तपासून घ्या. मधुमेह आधीच असेल, अंगाने बारीक असाल आणि वजन उतरतच असेल, तर डॉक्टरांना सी-पेप्टाइड तपासणीबद्दल स्पष्ट विचारा. आपलं शरीर इन्सुलिन बनवतंय की नाही हे त्यातून कळतं, आणि कोणतं औषध घ्यायचं हे त्यावरून ठरायला हवं.