मुक्त सॉफ्टवेअर, खुली दारं (लेखांक 9) : ‘जायलाव’ ऐकणारं यंत्र

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की बीड जिल्ह्यातल्या कपिलधारचा रस्ता दिंड्यांनी भरतो. मन्मथस्वामींच्या समाधीला मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून वीरशैव भाविक चालत येतात. “तुमी कुठं जायलाव?” “कपिलधारला जायलो की!” असं बोलणं तिथं पावलोपावली कानावर पडतं. हेच वाक्य फोनला सांगून लिहून घ्यायला लावा. ‘कपिलधार’ कदाचित जमेल. ‘जायलाव’चं काय होईल ते सांगवत नाही.

बोललेलं ऐकून लिहिणारं मुक्त सॉफ्टवेअर आज आहे. ओपनएआयनं 2022 साली ‘व्हिस्पर’ खुलं केलं. त्याला मराठीही येते, पण इंग्रजीच्या मानानं चुका फार. कारण साधं आहे : त्यानं इंग्रजी भरपूर ऐकली, मराठी थोडी, आणि आपल्या बालाघाटातली तर जवळपास नाहीच.

असल्या किचकट प्रकल्पांना माणसं मिळत नाहीत, ही जुनीच रड. गाभ्यातलं गणित मोजक्यांनाच कळतं, बाकीचे लांबूनच हात जोडतात. पैशाचंही तेच. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलचं उदाहरण घ्या. निम्म्या जगाचे वेबव्यवहार ज्याच्या भरवशावर चालत, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी दोनेक हजार डॉलर देणग्या मिळत. 2014 मध्ये ‘हार्टब्लीड’ हे भगदाड उघडकीला आलं, तेव्हा कुठं मोठ्या कंपन्यांनी खिशात हात घातला.

मॉझिलानं वाट वेगळी धरली. 2017 साली ‘कॉमन व्हॉइस’ सुरू करताना त्यांनी लोकांकडे प्रोग्रॅमिंग मागितलंच नाही. मागितला तो आवाज. पडद्यावर एक वाक्य येतं, ते वाचायचं. दुसऱ्यानं वाचलेलं ऐकायचं आणि बरोबर की चूक एवढंच सांगायचं. दोघांनी ‘बरोबर’ म्हटलं की ध्वनिफीत पक्की. दहा मिनिटांत आपण काय दिलं ते दिसतं, आणि ते दुसरं कुणी देऊ शकलं नसतं हेही कळतं. माझ्या मते लोक टिकतात ते यामुळे. ‘समाजासाठी योगदान द्या’ असल्या आवाहनांनी सभागृहंसुद्धा भरत नाहीत. गंमत म्हणजे मॉझिलाचं स्वतःचं ‘डीपस्पीच’ हे ऐकणारं इंजिन पुढं बंद पडलं, पण लोकांनी दिलेल्या आवाजांचा साठा मात्र वाढतच राहिला. मराठीही त्यात आहे.

आता खरी अडचण. वाक्यं पडद्यावरून वाचायची असल्यामुळं यंत्राला बीडचा हेल मिळेल, बीडची बोली नाही. पडद्यावर ‘तुम्ही कुठे जात आहात’ असं असेल तर वाचणारा ‘जायलाव’ कसं म्हणणार? शिवाय वाक्यं स्वामित्वहक्कातून मोकळी हवीत. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणून 1950 साली गेलेल्या साने गुरुजींचं लेखन चालतं. पण त्यातून प्रमाण मराठीच येणार, आणि तीही सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची. तेव्हा बोलीतली वाक्यं कुणीतरी नव्यानं लिहून, त्यांवरचा हक्क सोडून, आधी द्यायला हवीत. हे काम पुण्या-बंगळुरूच्या इंजिनिअरला जमणारं नाही. नेकनूरच्या, पाटोद्याच्या माणसालाच ते जमेल.

“मग आमचा आवाज कंपन्या फुकटात नेणार?” हा प्रश्न कुणीही विचारेल, आणि विचारायलाच हवा. हो, नेतील. साठा सगळ्यांना खुला आहे, त्यात धंदेवाले आलेच. मात्र कोट्यवधी रुपये नसलेला अंबाजोगाईचा विद्यार्थीही तो तितक्याच हक्कानं उतरवून घेऊ शकतो. मला हा सौदा पटतो. ज्यांना पटत नाही त्यांना गप्प बसवू नये; माहिती लपवून घेतलेला आवाज हा प्रकल्पाला बट्टाच.

यंदा दिंडीबरोबर चालणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींनी वाटेवरच्या विसाव्याला हे करून बघावं. घरी, शेतात, बाजारात जसं बोलता तशी दहा वाक्यं लिहा. प्रत्येक वाक्य पंधरा शब्दांच्या आत ठेवा, आकडे अक्षरांत लिहा, कुठल्या पुस्तकातलं काही उतरवू नका. ती वाक्यं हक्क सोडून ‘कॉमन व्हॉइस’वर द्या. तिथं तपासून झाली की स्वतः वाचा, आणि आज्जीला वाचून दाखवायला सांगायचं असेल तर आवाज कुठं जाणार हे तिला आधी नीट सांगा.

(पुढील आठवड्यात : जुन्या पोथ्या वाचणारं टेसरॅक्ट)